भोपळा आधी कागदावर घरंगळू द्या

ढोलकपूर नावाचे गाव भारताच्या नकाशावर कोठेही सापडणार नाही. परंतु त्या गावात राहणारा, लाडू खाऊन बलदंड होणारा छोटा भीम ज्याला ठाऊक नाही असे मूल आज आपल्या घरांत शोधूनही मिळणे कठीण. हा भीम आपल्याच शहरचा, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. राजीव चिलका यांनी २००१ साली हैदराबादेत ग्रीन गोल्ड ॲनिमेशन ही संस्था काढली आणि २००८ साली पोगो वाहिनीवरून भीम देशभर पोहोचला. पुढे २०१९ साली त्याचेच रांगते रूप ‘मायटी लिटल भीम’ या नावाने नेटफ्लिक्सवर आले. त्या मालिकेत बोललेले संवाद नाहीत. बाळाच्या मनात काय आले, त्याची नजर कोठे गेली आणि आता कोणता घोटाळा होणार, हे सारे केवळ चित्रांच्या क्रमावरून पाहणाऱ्यास कळते.

असे काही आपणही करावे, ही हौस मुलांना न वाटली तरच नवल. साधनांची वाण आता उरलेली नाही. घरातील मोबाइलमध्ये चित्रे काढण्याची, त्यांची छायाचित्रे घेण्याची आणि ती ओळीने पळवण्याची सोय असते. सुट्टी लागली की पहिल्या दिवशी नायकाचे चित्र होते, दुसऱ्या दिवशी तो हात हलवतो, आणि तिसऱ्या दिवशी सारा पसारा पलंगाखाली जातो. आमच्या परिचयाच्या किती तरी घरांत हा क्रम आम्ही पाहिला आहे. आईवडील म्हणतात, मुलात चिकाटी नाही. आम्हांला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांपुढून सरकतात. एकेक चित्र दोनदा दाखवण्याची काटकसर केली, तरी सेकंदाला १२ उरतात, म्हणजे एका मिनिटाला ७२०. दहा वर्षांच्या मुलाने योजना न करता ही संख्या अंगावर घेतली, तर चिकाटी कोणाची टिकेल? जिना बांधण्याआधी पायऱ्या किती हे आपण मोजतो. मुलाला मात्र थेट विटा हाती देतो.

ही योजना जिच्यावर मांडतात तिला या धंद्यातील लोक स्टोरीबोर्ड म्हणतात. कागदावर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीत एका दृश्याचे ओबडधोबड चित्र काढायचे आणि खाली तीन गोष्टी लिहायच्या: काय घडते, काय ऐकू येते आणि किती सेकंद. चित्र सुबक असण्याची गरज नाही; काड्यांचे हातपाय आणि गोळ्याचे डोके पुरे. १९३०च्या सुमारास अमेरिकेत डिस्नेच्या चित्रशाळेत वेब स्मिथ नावाच्या कलावंताने अशी चित्रे सुट्या कागदांवर काढून भिंतीवरील फळ्याला टाचण्यांनी लावण्यास आरंभ केला, असे सांगतात. १९३३ सालचा तीन डुकरांचा प्रसिद्ध लघुपट याच रीतीने अगोदर संपूर्ण मांडून घेतला होता. टाचणी लावल्याचा मोठा लाभ असा की, गोष्ट अडखळली तर दोन कागदांची अदलाबदल करता येते, आणि एखादा नको असेल तर काढून टाकताना कोणाचे दोन महिन्यांचे श्रम फुकट जात नाहीत. ज्यांच्या चित्रपटात खरी माणसे असतात त्यांनाही हा मार्ग मानवला. सत्यजित राय यांनी ‘पाथेर पांचाली’ची (१९५५) दृश्ये शाईने वहीत रेखाटून ठेवली होती आणि पैसा लावू शकणाऱ्यांना ती वही दाखवीत ते हिंडत होते.

हे सारे परदेशी आहे असे मात्र कोणी समजू नये. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची सुटी चित्रे एका पोथीत बांधून ठेवीत आणि एकेक चित्र प्रेक्षकांपुढे धरून कथा गात. याच परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. इकडे आपल्या तेलंगणात चेरियाल गावचे नकाशी कलावंत चिंचोक्यांची खळ आणि पांढरी माती यांनी तयार केलेल्या खादीवर लांबच लांब पट रंगवीत. त्यात आडव्या पट्ट्यांमागून पट्टे येतात. गोष्ट सांगणारा पट उलगडत जातो आणि ऐकणाऱ्यांची नजर त्याच्या मागोमाग सरकते. चित्रकथीची सुटी पाने म्हणजे टाचणीने लावलेले कागद, आणि चेरियालचा उलगडता पट म्हणजे कॅमेरा एका बाजूकडून दुसरीकडे सरकवणे, ज्याला पॅन म्हणतात ते. आपण हैदराबादी मराठी माणसे या दोन्ही परंपरांच्या मध्ये राहतो, आणि दोहोंपैकी एकही आपल्या मुलांना दाखवीत नाही.

या क्षेत्रात मराठी माणसाचा हात लागला नाही असेही नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची थोडी थोडी चित्रे घेत दिवस काढले आणि पडद्यावर रोप क्षणात उगवून दाखवले, पुढे त्यांनी आगकाड्यांनाही नाचवले. प्रभातने १९३४ साली ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट काढला. परंतु घरातील मुलाला समजावून सांगण्यास आम्हांला सर्वांत जवळचे उदाहरण वाटते ते ‘एक अनेक और एकता’चे. सुमारे सात मिनिटांचा हा हिंदी चित्रपट १९७४ सालचा. तो विजया मुळे यांचा. मुंबईत जन्मलेल्या, लग्नानंतर पाटण्यास गेलेल्या, तेथे आणि दिल्लीत चित्रपट-मंडळांच्या चळवळीत रमलेल्या या मराठी बाईंनी आपले आयुष्य शिक्षण आणि चित्रपट यांच्या सांध्यावर काढले. २०१९ साली त्या निवर्तल्या. चित्रांकन भीमसेन यांचे, संगीत वसंत देसाई यांचे, आणि गाणाऱ्या बालकंठांत साधना सरगम यांचा होता. त्याच सुमारास, १९७५-७६ साली, उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरदर्शन नेण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. आंध्र प्रदेश त्या सहांतील एक, आणि कार्यक्रम तयार करण्याचे एक केंद्र आपल्या हैदराबादेत होते. ज्यांनी पूर्वी पडदा पाहिलेला नाही अशा मुलांना चित्र कसे समजेल, हा प्रश्न त्या वर्षांत विजयाबाईंसारख्यांपुढे रोजचा होता.

तो चित्रपट आता पुन्हा पाहावा आणि पाहताना आवाज बंद करावा. थोरली बहीण धाकट्याला ‘एक’ आणि ‘अनेक’ यांतील भेद समजावते, मग पक्ष्यांची गोष्ट येते: दाणे, पारध्याचे जाळे, सर्वांनी मिळून जाळ्यासकट घेतलेली भरारी आणि जाळे कुरतडणारे उंदीर. भरारीच्या ठिकाणी थांबून विचार करावा. तेथे एकच पक्षी अगदी जवळून दाखवला असता, तर त्याची धडपड दिसली असती, पण ‘अनेक’ कोठून दिसले असते? सबंध जाळे आणि त्याखालचा सबंध थवा एका चौकटीत मावायचा, तर दुरून पाहणे भागच आहे. दृश्य दुरून घ्यावयाचे की जवळून, याचा निर्णय अशा रीतीने गोष्टीच्या अर्थावरून होतो. तो आवडीवर सोडला की काय होते, हे आपल्याकडील लग्नाच्या व्हिडिओंत पुरेपूर दिसते: नवरीच्या नथीपासून आचाऱ्याच्या झाऱ्यापर्यंत जे दिसेल त्यावर कॅमेरा झेप घेतो आणि माघारी येतो. मुलांनाही या झेपेचा, म्हणजे झूमचा, भारी सोस असतो. पहिल्या चित्रपटापुरती तरी तिला बंदी असावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. विषय म्हणून आम्ही म्हातारी आणि भोपळा यांची गोष्ट सुचवतो, आणि याला जिव्हाळ्यापलीकडे एक व्यावहारिक कारण आहे. ॲनिमेशनमध्ये सर्वांत कठीण काम चालणाऱ्या पायांचे. भोपळ्याला पाय नसतात.

काम सुरू होते ते पेन्सिलीने मात्र नव्हे. व्यवसायातही बहुधा संवाद आधी ध्वनिमुद्रित करतात आणि चित्रे त्यांना अनुसरून काढतात. म्हणून प्रथम आजींना गोष्ट सांगू द्यावी आणि मोबाइलवर ती मुद्रित करावी. मुलाने घड्याळ लावून ती पुन्हा ऐकावी आणि कोणते वाक्य किती सेकंदांचे, आजी कोठे थांबतात, वाघ बोलताना आवाज कोठे उतरतो, याची नोंद करावी. हीच पुढे प्रत्येक चौकटीखालची सेकंदे होतात. यात आमचा एक आतला हेतू आहे आणि तो आम्ही लपवीत नाही. काचीगुडा-सुलतान बाजारच्या आपल्या जुन्या घरांतील मुले आता शहराच्या पश्चिमेला उंच इमारतींत राहतात. शाळेत इंग्रजी, मैदानावर हिंदी आणि तेलुगू. मराठी त्यांना समजते, पण ती उत्तर देतात दुसऱ्याच भाषेत. आजी गोष्ट सांगू लागल्या की पाच मिनिटांत त्यांची चुळबुळ सुरू होते. तेच मूल सेकंदे मोजण्यासाठी एकच वाक्य पंधरा वेळा ऐकते, कारण त्यावाचून त्याच्या वाघाचे तोंड वेळेवर उघडत नाही. आणि आजींची मराठी जशी आहे तशीच राहू द्यावी. ‘हौ’ आला तर येऊ द्यावा, ‘नक्को’ आला तर तोही. दखनीने आपला ‘नको’ उचलला आणि ठसक्यासह परत केला, त्यात लाजण्यासारखे काय आहे?

दुसरी तयारी एका जुन्या लग्नपत्रिकेची. तिच्या पुठ्ठ्यात ८ सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापावी. पडद्याचे प्रमाण हेच असते. खिडकी डोळ्यांजवळ धरली की सबंध दिवाणखाना तिच्यात मावतो, हात लांब केला की केवळ आजींचा चष्मा. लाँग शॉट, मिड शॉट आणि क्लोज-अप यांची व्याख्या याहून अधिक पाठ करण्याची आवश्यकता नाही. खिडकी घेऊन मुलाने जमिनीवर बसावे आणि उभ्या माणसाकडे पाहावे: माणूस उंच आणि धाकाचा दिसतो. पुढे खुर्चीवर उभे राहून धाकट्या भावाकडे पाहावे: तो केविलवाणा दिसतो. वाघ आणि म्हातारी यांची भेट याच दोन दृष्टींनी रंगवायची आहे.

यानंतर पोस्टकार्डाएवढे पंधरा-वीस कागद कापावे, प्रत्येकावर एक चौकट काढावी आणि घरात दोरी बांधून कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनी ते ओळीने टांगावे. टाचण्यांपेक्षा हे बरे, आणि भिंतीचा रंगही वाचतो.

पहिल्या कागदावर दुरून दिसणारे रान. रान कसे काढावे म्हणून इंटरनेटवर शोधण्याचे कारण नाही. आपल्या शहराइतके चित्रमय खडक दुसरीकडे क्वचितच असतील. खाजागुड्याकडील एकावर एक रचल्यासारख्या शिळा वाघाच्या वस्तीस फार शोभतात. त्या शिळांपुढून काठी टेकीत म्हातारी डावीकडून उजवीकडे जात आहे, ठिपक्याएवढी लहान. चार सेकंद. दुसऱ्या कागदावर ती कमरेपर्यंत दिसते, थबकते, आणि तिच्या अंगावर सावली पडते. वाघ अजून दाखवायचा नाही. मुलांना वाघ ताबडतोब काढायचा असतो. त्यांना तेवढे दोन सेकंद रोखून धरावे, कारण भीती त्या दोन सेकंदांत आहे. तिसऱ्यावर फक्त वाघाचे डोळे आणि मिशा. चौथ्यावर म्हातारीच्या उंचीवरून वर दिसणारा अवाढव्य वाघ, पाचव्यावर वाघाच्या उंचीवरून खाली दिसणारी एवढीशी म्हातारी. लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते, हे तिचे बोलणे चालू असता सहाव्यावर दोघेही एका चौकटीत, कारण आता सौदा होत आहे आणि सौद्यात दोन्ही पक्ष दिसले पाहिजेत.

लेकीच्या घरचा मुक्काम मूल लांबवू पाहील. तूप-रोटी, तूप-रोटी. तो तीन स्थिर चित्रांत उरकावा: तेच ताट, तीच भिंत, म्हातारी मात्र दर चित्रात रुंद. काळ लोटल्याचे प्रेक्षक आपण होऊन जाणतो.

परतीच्या वाटेवर बहुतेक जण चुकतात तो मुद्दा दिशेचा. जाताना म्हातारी डावीकडून उजवीकडे गेली असेल, तर येताना भोपळा उजवीकडून डावीकडेच आला पाहिजे. अन्यथा बाई घरी न येता आणखी पुढच्या गावी निघाली असे पाहणाऱ्यास वाटते. वाघ वाटेच्या ज्या बाजूला पहिल्यांदा उभा होता, कॅमेऱ्याने त्याच्याकडे ज्या बाजूने पाहिले, ती बाजूही मधेच बदलू नये. आणखी एक बारीक गोष्ट: डावीकडे जाणारा भोपळा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. देठ काढला नाही तर भोपळा फिरतो की नुसता घसरतो हे कळत नाही, म्हणून देठ ठळक असावा. भोपळ्याचा व्यास ५ सेंटिमीटर धरला, तर एका फेरीत तो सुमारे १६ सेंटिमीटर पुढे जातो. फेरीची आठ चित्रे केली तर प्रत्येक चित्रात २ सेंटिमीटर. शाळेतील परिघाचे सूत्र मुलाला प्रथमच उपयोगी पडते आणि ते त्याबद्दल कुरकुरत नाही. ही आठ चित्रे एकदा झाली की तीच पुन्हा पुन्हा वापरायची. भोपळा एका जागी फिरत ठेवावा आणि मागून खडकांची लांब पट्टी उजवीकडे सरकवावी. चेरियालचा पट येथे कामास येतो. सेकंदाला बारा चित्रांच्या हिशेबाने दर दोन सेकंदांत भोपळ्याच्या तीन फेऱ्या होतात.

आणि मग भोपळ्याच्या आतले दृश्य. आमच्या मते सबंध गोष्टीतील सर्वांत चांगला शॉट हाच, आणि सर्वांत स्वस्तही हाच. संपूर्ण काळी चौकट, तीत दोन पांढरे डोळे, एवढेच. डोळे उघडे असल्याचे एक चित्र आणि मिटल्याचे एक. बाहेरून वाघाचा प्रश्न ऐकू येतो, आत डोळ्यांची उघडझाप होते आणि आजींच्या आवाजात भोपळा उत्तर देतो. दोन चित्रांत पाच सेकंद निभावतात. याच्या लगेच पुढे पाचव्या कागदावरील दृश्य जसेच्या तसे परत आणावे: वाघाच्या उंचीवरून खाली. त्या वेळी तेथे म्हातारी होती, आता भोपळा आहे. प्रेक्षक येथे हसतो, कारण वाघास जे ठाऊक नाही ते त्याला ठाऊक आहे.

दोरी भरली की प्रत्येक कागदाचे छायाचित्र घ्यावे, खाली लिहिलेल्या सेकंदांइतके ते स्थिर ठेवावे आणि त्यावर आजींचे ध्वनिमुद्रण चढवावे. याला ॲनिमॅटिक म्हणतात. चित्रे हलत नाहीत, तरी गोष्ट हलू लागते. हा प्रयोग घरातील अशा एका व्यक्तीपुढे करावा जिला आधी काही सांगितलेले नाही, आणि तो चालू असता मुलाने तोंड उघडू नये. पाहणाऱ्याने ‘हा कोण?’ असे विचारले की तेथे एक कागद कमी आहे; त्याने घड्याळाकडे पाहिले की तेथे एक जास्त आहे. आमच्या हिशेबाने या छाटणीनंतर, स्थिर चित्रे आणि पुनरावृत्ती जमेस धरून, एका मिनिटाच्या चित्रपटास ७२०च्या जागी दीडशेच्या आसपास चित्रे पुरावी. रोज दहा काढली तर पंधरवड्याचे काम.

नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या शहरात आंतरराष्ट्रीय बालचित्रपट महोत्सव विसाव्यांदा भरला, तेव्हा मुलांनी स्वतः केलेल्या चित्रपटांसाठी एक वेगळा विभाग होता. तसे व्यासपीठ मिळेल तेव्हा मिळो. गणेशोत्सवात मंडळाच्या पडद्यावर नृत्यांच्या दोन कार्यक्रमांमध्ये एक मिनिट मागून घेणे अवघड नाही. मात्र तेथे दाखवण्याआधी दोरीवरील शेवटच्या कागदाचा निकाल लावावा लागेल. कारण ही गोष्ट घरोघर निराळी संपते: कोठे म्हातारी सुखरूप घरी पोहोचते आणि दार लावून घेते, तर कोठे वाटेत भेटलेल्या कोल्ह्याला शंका येते. आजोबा एक शेवट सांगतील, आजी दुसरा, आणि आईने तिच्या माहेरी तिसराच ऐकलेला असेल. हा वाद मिटेपर्यंत तो कागद कोरा टांगून ठेवावा. पेन्सिल मुलाच्या हाती असल्याने, मिटवण्याचा अधिकारही त्याचाच.